रोगाचे कारण विचारण्याचा हक्क

(तलासरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

भाताची लावणी सुरू झाली, की डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर सर्पदंशाचे दिवस येतात. कुडाच्या घरात भुईवर झोपलेल्या माणसाला मध्यरात्री मण्यार चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटेच्या सुमारास पापण्या जड होऊन मिटू लागतात, थुंकी गिळता येत नाही आणि मग श्वास अडतो. तोवर घरची माणसे भगताकडे जाऊन आलेली असतात. भगत सुपात तांदळाचे दाणे टाकतो, ते मोजतो आणि हे कोणाचे कृत्य ते सांगतो: हिरवा देव रुसला, की घरचा कोणी मेलेला पूर्वज अडला, की शेजारच्या पाड्यावरील एखाद्या बाईने भुताळीविद्या केली. कोंबडे, नारळ, ताडी यांची तजवीज होते. हे सारे आटोपून रुग्ण झोळीतून सडकेपर्यंत आणि सडकेवरून जीपने दवाखान्यात पोहोचतो, तेव्हा प्रतिविषाची लस टोचण्याची खरी वेळ पुष्कळदा टळून गेलेली असते.

या प्रसंगावर सुशिक्षित माणसाचा अभिप्राय ठरलेला असतो. आदिवासी अडाणी आहेत, भगताच्या नादी लागून मरतात, असे तो म्हणतो आणि मोकळा होतो. हा अभिप्राय देणारा गृहस्थ त्या पाड्यापासून दवाखान्यापर्यंतची वाट बहुधा कधी चाललेला नसतो. आणि दुःखाची गोष्ट ही, की चळवळीतले काही कार्यकर्तेही हीच भाषा थोड्या सौम्य शब्दांत बोलू लागले आहेत. म्हणून हा प्रश्न मुळापासून तपासणे आवश्यक आहे. रोग हा कोणाचा तरी कोप आहे, ही समजूत एकेकाळी पृथ्वीवरच्या सर्व समाजांची होती. ती सोडून ‘कोण कोपले?’ याऐवजी ‘कशाने झाले?’ असे विचारण्याची सवय माणसाला लागली कशी, कोणाला लागली आणि कोणत्या परिस्थितीत लागली?

हा बदल लिखित स्वरूपात सर्वात स्पष्ट दिसतो तो प्राचीन ग्रीकांच्या वैद्यकात. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत कॉस नावाचे लहानसे बेट आहे. तेथे इ. स. पूर्व ४६० च्या सुमारास हिपोक्रेटिस हा वैद्य जन्मला. त्याच्या नावावर साठांच्या आसपास लहानमोठे ग्रंथ मोडतात. ते अनेकांच्या हातचे असून दीर्घ काळात लिहिले गेले आहेत. या किनाऱ्यावरची शहरे व्यापारी होती. गलबते बांधणारे, कुंभार, धातूचे कारागीर यांची तेथे वर्दळ होती, आणि मायलेटसच्या थेलिसपासून सृष्टीचा उलगडा सृष्टीतच शोधावयाचा, अशी विचारपद्धती तेथे रुजू लागली होती. वैद्यही त्या समाजात कारागीरच मानला जाई. गावोगाव फिरणारा, हाताने काम करणारा, फसला तर बदनाम होणारा माणूस तो. ही कारागिरीची बाजू विसरली, तर पुढचे काहीच समजणार नाही.

या ग्रंथांपैकी एक ‘पवित्र रोग’ म्हणजे फेफऱ्यावर आहे. फेफरे येऊन माणूस एकाएकी कोसळतो, तोंडाला फेस येतो, हातपाय झाडतो. ग्रीक लोक हे एखाद्या देवतेचे काम समजत. ग्रंथकर्ता सुरुवातीलाच सांगतो, की हा रोग इतर रोगांहून अधिक दैवी नाही. त्याचे कारण मेंदूत आहे. ज्यांनी त्याला प्रथम पवित्र म्हटले ते मांत्रिकांसारखे भोंदू लोक होते. उपाय सापडेना तेव्हा त्यांनी आपले अज्ञान देवाच्या आड दडविले. पुढचा त्याचा मुद्दा तर थेट आपल्या पाड्यांवरचा वाटावा. रोगी बरा झाला तर श्रेय मांत्रिकाचे, मेला तर दोष देवाचा, असा या लोकांचा सोयीचा हिशोब असतो, असे तो म्हणतो. मांत्रिक रोग्याला बोकडाचे मांस वर्ज्य करीत, बोकडाचे कातडे पांघरू देत नसत. त्यावर ग्रंथकर्ता विचारतो, की मग लिबियाच्या आतल्या भागातले लोक तर बोकडाचेच खातात आणि बोकडाचेच पांघरतात, ते सारे फेफऱ्याने का पडत नाहीत? बोकडांनाही असाच रोग होतो. त्यांचे डोके फोडून पाहा, आत देव सापडणार नाही, पाणी भरून बिघडलेला मेंदू सापडेल, असे तो सांगतो.

आपल्याकडे भगताचे यश कशावर टिकून आहे, हेही याच रीतीने तपासता येते. या भागात आढळणाऱ्या सापांपैकी माणसाला मारणारे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकीचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. याचा अर्थ भगताकडे गेलेले पुष्कळ रोगी काहीही केले नसते तरी जगलेच असते. जे जगतात ते त्याची कीर्ती गातात. जे मरतात त्यांच्यासाठी रुसलेला देव तयारच असतो.

तथापि येथे एक भाबडा समज दूर करावयास हवा. हिपोक्रेटिसची परंपरा नास्तिकांची नव्हती. वैद्याची सुप्रसिद्ध शपथ अपोलो, एस्क्लेपिअस या देवतांच्या साक्षीनेच घेतली जाई. ‘पवित्र रोग’ लिहिणाराही देव नाहीत असे म्हणत नाही. सगळेच रोग सारखेच दैवी आणि सारखेच मानवी आहेत, एवढेच त्याचे म्हणणे. ज्या शतकात हे वैद्यक वाढले त्याच काळात एस्क्लेपिअसच्या देवळांचे माहात्म्यही वाढत होते. एपिडॉरसच्या देवळात रोगी रात्री झोपत, स्वप्नात देव येऊन बरे करी, अशी श्रद्धा होती. तेव्हा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेला जाणाऱ्या माणसाशी भांडण काढल्याने तर्कशुद्ध वैद्यक येईल, असे समजण्याचे कारण नाही. ग्रीसमध्येही ते तसे आले नाही.

मग देऊळ आणि वैद्य यांत फरक तो काय? एपिडॉरसच्या देवळात शिलालेख उभे केले होते. त्यांवर कोरलेल्या कथा सर्वच्या सर्व यशाच्या आहेत: आंधळ्याला दिसू लागले, लंगडा चालू लागला. याउलट हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ‘साथी’ या ग्रंथाच्या पहिल्या व तिसऱ्या भागांत ४२ रोग्यांची टिपणे आहेत. पहिल्या दिवशी ताप, दुसऱ्या दिवशी झोप नाही, तिसऱ्या दिवशी लघवी काळी, असे दिवसागणिक लिहिलेले. त्या ४२ पैकी २५ रोगी दगावले, आणि वैद्याने ते तसेच नोंदवून ठेवले. आपली हार लपविली नाही, तिला देवाचे नाव दिले नाही, पुढच्या वैद्याला उपयोगी पडावी म्हणून लिहून ठेवली. तर्कशुद्ध वैद्यकाचा जन्म कोठे झाला असे विचारले, तर या पंचवीस मृत्यूंच्या टिपणांकडे बोट दाखवावे लागेल. या कसोटीवर भगत उतरत नाही हे उघड आहे. पण शासनाचा आरोग्यविभाग तरी उतरतो काय? १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची मुले दगावली. तेव्हापासून आजवर या पट्ट्यात मूल मेले, की कागदावर न्यूमोनिया लिहिला जातो, जुलाब लिहिले जातात, कमी वजन लिहिले जाते. भूक लिहावयाचा रकानाच नाही. देवळाच्या शिलालेखांची ही सरकारी आवृत्ती म्हणावी लागेल.

‘प्राचीन वैद्यक’ नावाच्या दुसऱ्या एका ग्रंथात वैद्यकाचा उगम सांगितला आहे, आणि तो फारच मनोरंजक आहे. वैद्यक हे मंदिरात जन्मले नाही, तत्त्वज्ञाच्या बैठकीतही जन्मले नाही. ते स्वयंपाकघरात जन्मले, असे हा ग्रंथकार म्हणतो. माणूस प्रथम जनावराप्रमाणे कच्चे धान्य आणि फळे खात असे. त्याने पोटे बिघडत, माणसे मरत. मग कोणी धान्य भिजविले, दळले, शिजविले, भाजले. करून पाहता पाहता माणसाला मानवणारे अन्न सापडले. पुढे लक्षात आले, की धडधाकट माणसाला मानवते ते आजाऱ्याला मानवत नाही. तेव्हा अन्न पातळ केले, पेज केली. पेजही सोसेना तेव्हा नुसते पातळ पेय दिले. हीच वैद्यकाची सुरुवात. सगळे रोग उष्ण-शीत अशा एकदोन तत्त्वांत कोंबणाऱ्या पंडितांवर हा ग्रंथकार चिडलेला आहे. तुमचे ‘उष्ण’ मला शुद्ध स्वरूपात कोठे मिळते ते दाखवा, असा त्याचा रोख आहे.

वारल्याच्या घरात तापकऱ्याला भाताची पेज किंवा नागलीची आंबील देणाऱ्या बाईला हे सांगितले, तर ती हसेल. ती हेच करीत आली आहे. करून पाहणे, काय मानवले ते लक्षात ठेवणे, सुनेला सांगणे. तर्कशुद्ध वैद्यकाचे मूळ जर याच कामात असेल, तर ते बाहेरून आणून पाड्यावर लावावयाचे कलम नव्हे. त्याचे बी तेथे चुलीपाशी आहेच. ते वाढले का नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर चुलीपाशी नाही.

ते उत्तर शोधताना ग्रीकांच्या राजकारणाकडे वळावे लागते. दक्षिण इटलीतील क्रोटॉन या ग्रीक वसाहतीतील अल्कमिऑन हा हिपोक्रेटिसच्या आधीचा विचारवंत. आरोग्य म्हणजे शरीरातील ओल्या-कोरड्या, थंड-गरम अशा शक्तींचे समान अधिकार आणि रोग म्हणजे त्यांतल्या एकीचीच राजेशाही, अशी व्याख्या त्याने केली. समान अधिकारासाठी त्याने वापरलेला ‘इसोनोमिया’ हा शब्द नगरराज्यांच्या राजकारणातून घेतलेला होता. सरदारांची सत्ता मोडून सामान्य नागरिक जेथे सभेत बसू लागला, तेथेच या भाषेत शरीराचा विचार करणे सुचू शकले. काही नगरे सार्वजनिक वैद्य नेमीत. त्याच क्रोटॉनच्या डेमोसिडिस या वैद्याला एजिना बेटाने, मग अथेन्सने आणि पुढे सामॉसच्या राजाने दरवर्षी वाढत्या वेतनावर नेमले, असे हिरॉडोटस सांगतो. अथेन्समध्ये वैद्याच्या नेमणुकीची चर्चा सभेपुढे होई. (गोड बोलणारा वक्ता सभेत खऱ्या वैद्यालाही हरवील, अशी खंत प्लेटोच्या एका संवादात आहे. निवडणुका लढविणाऱ्यांना ती परकी वाटू नये.) सभेपुढे उभे राहावयाचे, तर कारणे द्यावी लागतात. देवाने सांगितले म्हणून, एवढ्याने तेथे भागत नाही.

पण ही सभा स्वतंत्र नागरिकांची होती. गुलामांचे काय? प्लेटोने ‘कायदे’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात याचे जे चित्र रेखाटले आहे, ते कार्यकर्त्यांनी मनात कोरून ठेवावे असे आहे. तो सांगतो, की नगरात दोन प्रकारचे वैद्य असतात. गुलामांवर बहुधा गुलाम वैद्यच उपचार करतो. तो रोग्याला काही विचारत नाही, काही सांगत नाही. आपल्याला सारे अचूक ठाऊक असल्याच्या थाटात, एखाद्या जुलमी सत्ताधीशासारखा हुकूम सोडतो आणि पुढच्या गुलामाकडे धावतो. स्वतंत्र माणसाचा वैद्य मात्र रोग्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलतो, रोग कसा सुरू झाला ते विचारतो, स्वतः शिकतो, रोग्यालाही शिकवितो, आणि त्याला पटल्याखेरीज औषध देत नाही. प्लेटोच्या दुसऱ्या एका ग्रंथात एक सुतार येतो. सुतार आजारी पडला, तर त्याला एकदाच उलटीचे वा रेचाचे औषध हवे असते, नाहीतर डाग द्यावा. महिनोन् महिने पथ्य सांगितले, तर आजारी पडावयास मला सवड नाही असे सांगून तो कामावर जातो. जगला तर जगतो, मेला तर सुटतो. प्लेटोला हे योग्यच वाटते. तो उच्चकुलीन होता, हे येथे ध्यानात ठेवावे. न्यायाने सांगावयाचे तर हिपोक्रेटिसच्या टिपणांत काही गुलाम रोगीही आहेत आणि त्यांच्या खाटेपाशीही वैद्य तितकाच वेळ बसलेला दिसतो. म्हणजे वैद्यकाला हे अशक्य नव्हते. समाजाला ते नको होते.

आता डहाणू-तलासरीच्या एखाद्या दवाखान्याच्या ओट्यावर सकाळी दहा वाजता उभे राहावे. केसपेपर काढण्यासाठी रांग लागलेली असते. आत गेलेली बाई वारली बोलीत दुखणे सांगू लागते. ते पुरते ऐकून घेण्याआधीच कागदावर गोळ्या लिहिल्या जातात. काय झाले आहे ते तिला कोणी सांगत नाही. जास्त झाले तर चिठ्ठी हातात देऊन पुढे पाठविण्यात येते, मग नातलग रोग्याला घेऊन सिल्वासा नाहीतर वलसाड गाठतात. वीटभट्टीवर किंवा मासेमारीच्या बोटीवर मजुरीला जाणाऱ्याची गत प्लेटोच्या सुतारासारखीच असते. आजारी पडावयास त्याला सवड नसते. एकेका डॉक्टरवर पडणारा रोग्यांचा भार पाहता हा दोष बहुधा त्या व्यक्तीचा नाही. मोकळ्या जागा न भरणाऱ्या व्यवस्थेचा आहे. परंतु परिणाम तोच. याउलट भगत काय करतो? तो रोग्याच्या अंगणात बसतो, त्याच्या बोलीत बोलतो, सारी रात्र देतो, सर्व घराला समोर बसवून दुखण्याचे कारण सांगतो. कारण खोटे असते. पण सांगितलेले असते. आधुनिक औषध गुलाम वैद्याच्या रीतीने मिळते आणि भगताचा मंत्र स्वतंत्र माणसाच्या वैद्याच्या रीतीने मिळतो; मग माणसे प्रथम कोणाकडे जातील, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण काय?

ग्रीकांचे निरीक्षण किती पोहोचलेले होते, याचे एक उदाहरण या भूमीशी जुळणारे आहे. ‘हवा, पाणी, स्थळे’ या ग्रंथात परक्या गावी गेलेल्या वैद्याने आधी वारे, ऊन, जमीन, पिण्याचे पाणी आणि लोकांचे राहणीमान पाहावे असे सांगितले आहे. दलदलीचे साचलेले पाणी पिणाऱ्यांच्या प्लीहा मोठ्या व टणक होतात, हे त्यात नोंदविले आहे. हे हिवतापाचे लक्षण होय. कारण चुकले होते, रोग पाण्यातून नव्हे तर डासातून येतो. पण लक्षण आणि स्थळ यांची सांगड अचूक होती. पुढे १८८० साली लाव्हरांना अल्जीरियात रोग्याच्या रक्तात हिवतापाचा परजीवी दिसला, आणि १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत तो डासाच्या पोटात पाहिला. १९५४ साली ॲलिसन यांनी आणखी एक धागा जोडला. सिकलसेलचा दोष आई-बाप यांपैकी एकाकडूनच आला, तर तो बालकाला हिवतापाच्या मरणापासून बराच वाचवितो. दोघांकडून आला, तर सांधे-हाडे ठणकणारा, रक्त आटविणारा आजार होतो. हिवतापाच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आदिवासींत हा आजार का आढळतो, ते यावरून कळते. पाड्यावरचे पोर वरचेवर हातपाय दुखतात म्हणून ओरडते, आणि भगत एखाद्या विधवेकडे बोट दाखवितो. रक्ताच्या काही थेंबांवरची तपासणी त्या विधवेला वाचवू शकते. शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली आहे. ती कोणत्या पाड्यापर्यंत आली, हे पाहणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

याच ग्रंथातील एक युक्तिवाद तर समाजवाद्यांच्या सभेत शोभावा असा आहे. सिथियन लोकांतील श्रीमंत घोडेस्वारांना नपुंसकत्व येई आणि ते त्याला दैवी कोप मानीत. ग्रंथकर्ता विचारतो: देव जर नैवेद्याने संतुष्ट होत असतील, तर कोप गरिबांवर व्हावयास हवा, कारण त्यांच्यापाशी वाहावयास काही नसते. प्रत्यक्षात रोग श्रीमंतांना होतो, कारण ते सतत घोड्यावर असतात. गरीब घोड्यावर बसतच नाहीत.

अर्थात ग्रीक वैद्यकाची आरती ओवाळण्याची गरज नाही. त्यांची औषधे पुष्कळदा निरुपयोगी होती. शरीरातील चार द्रवांचा सिद्धांत चुकीचा होता, आणि त्यावर आधारलेले रक्त काढण्याचे उपचार युरोपात दोन हजार वर्षे माणसांचे बळी घेत राहिले. एकदा ग्रंथ प्रमाण ठरला, की पाहणे थांबते.

आपल्याकडेही ही लढाई झाली आहे. चरकसंहितेत उपचारांचे प्रकार सांगताना मंत्र-होमावर विसंबणारा दैवव्यपाश्रय आणि आहार-औषधांची युक्तीने योजना करणारा युक्तिव्यपाश्रय, असा स्पष्ट भेद केला आहे. सुश्रुताने वैद्याला प्रेत पाण्यात कुजवून, थर उलगडून शरीर पाहावयास सांगितले. हे विटाळाच्या कल्पनेला किती घातक होते ते सांगावयास नको. मनुस्मृतीने वैद्याचे अन्न अभक्ष्य ठरविले, ते उगीच नव्हे. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी या संघर्षाची मांडणी १९७७ च्या आपल्या ग्रंथात विस्ताराने केली आहे. आणि वनस्पतींची नावे-रूपे कोणाकडून शिकावीत? गुराखी, मेंढपाळ आणि वनात राहणारे यांना ती ठाऊक असतात, असे चरकसंहिताच सांगते. ज्यांच्याकडून विद्या घेतली त्यांनाच पुढे अडाणी ठरविण्यात आले.

भगताच्या झाडपाल्याचे काय करावे, हा प्रश्न येथेच येतो. ग्रीसमध्येही मुळ्या खणणारे लोक होते आणि त्यांचे विधिनिषेध होते. थिओफ्रास्टस या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते नीट ऐकून घेतले आणि चाळले. एक विषारी मूळ खणताना अंगाला तेल लावावे, वाऱ्याची दिशा पाहून उभे राहावे, हा नियम त्याने शहाणपणाचा ठरविला, कारण त्याच्या रसाने अंग सुजते. दुसरे मूळ रात्रीच खणावे, नाहीतर सुतारपक्षी डोळे फोडतो, हा नियम त्याने टाकून दिला. सरसकट पूजा नाही, सरसकट थट्टाही नाही. डहाणू तालुक्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मुंबईतील संस्थेने अलीकडे सर्पदंशाचा जो अभ्यास केला, त्यात आदिवासी, भगत, सर्पमित्र आणि आरोग्य कर्मचारी या सर्वांचे म्हणणे ऐकून घेण्यात आले, हे म्हणूनच महत्त्वाचे आहे. ज्याच्याकडे रोगी प्रथम येतो, त्या भगतानेच ‘आधी लस घे, मग माझ्याकडे ये’ असे म्हटले, तर दोन-तीन तास वाचतात.

खाटेपाशी बसून पाहण्याची ही विद्या कोकणातल्या साध्या आरोग्य केंद्रातही जन्म घेऊ शकते. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, विशेषतः मुले, फुप्फुसात पाणी होऊन मरत असत. हाताशी मोठी यंत्रसामग्री नव्हती. ते रात्र रात्र रोग्याशेजारी बसले; नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची नोंद ठेवली आणि विष हृदयावर कसा ताण आणते ते ओळखले. रक्तदाबावरचे प्राझोसीन हे साधे औषध त्यांनी योजले. १९८२ आणि १९८६ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आली. गंभीर रोग्यांत शंभरांतील पंचवीस-तीस मृत्यू होत, ते एकाच्या आसपास आले. मंत्राने विंचू उतरविणाऱ्यांना कोणी मारझोड केली नाही. माणसे जगू लागली, तशी ती केंद्राकडे येऊ लागली.

डहाणू-तलासरीला कारण विचारणे नवे नाही. २३ मे १९४५ रोजी त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यातील आणि आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने जन्मभर जमीनदाराकडे राबावयाचे, ही लग्नगड्याची रीत तोपर्यंत सृष्टिक्रमासारखी मानली जाई. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्या सभेने ठरविले, की वेठ द्यावयाची नाही आणि रोख बारा आणे रोजाखेरीज जमीनदाराच्या शेतावर पाय ठेवावयाचा नाही. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि इतर चार जण हुतात्मे झाले. पण वेठ परत आली नाही. दारिद्र्य हे नशीब नव्हे, त्याला कारण आहे आणि ते कारण वाड्यात राहते, हे ज्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले, त्यांच्या नातवंडांना तापाचे कारण समजणार नाही असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. चळवळीने मजुरीचा प्रश्न विचारला, जमिनीचा विचारला, आरोग्याचा मात्र मागे राहू दिला, हे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. भुताळी ठरवून मारलेल्या, पाड्याबाहेर काढलेल्या बायकांच्या बाजूने उभे राहताना पुष्कळदा मतांचा विचार आडवा आला, हेही.

कायदा आता हाताशी आहे. स्वतः डॉक्टर असलेल्या नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे या कायद्याने गुन्हा आहे. एखादीवर करणीचा आळ घेऊन तिचा छळ करणे हाही. पण ज्या आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर नाही किंवा लस संपलेली आहे, तेथे हा कायदा एकट्या भगतालाच आरोपी करील. म्हणून प्रत्येक शाखेने एक वही घालावी. साप कोणत्या पाड्यावर चावला, किती वाजता, भगताकडे किती वेळ गेला, गाडी कधी मिळाली, केंद्रात कोण होते, लस होती की नव्हती, रोग्याचे काय झाले. ताप, बाळंतपण, मुलाचे वजन, सारे याच रीतीने. ग्रामसभेत आणि तहसील कचेरीवरच्या मोर्चात ही वही मोठ्याने वाचावी. जगलेल्यांची नोंद करावी आणि मेलेल्यांची तर न चुकता.

हिपोक्रेटिसच्या परंपरेतील त्या टिपणांत पहिला रोगी फिलिस्कस नावाचा आहे. वैद्याने त्याचा पत्ता लिहिला आहे: गावाच्या भिंतीजवळ राहणारा. पहिल्या दिवशी जोराचा ताप आणि घाम, रात्र अस्वस्थ. पुढे झोप नाही, बडबड, अंग गार. सहाव्या दिवशी दुपारच्या सुमारास तो वारला, असे लिहून टिपण संपते.